कुलाब्यातली शनिवारची रात्र : एका नाइटक्लबचा आणि एका समाजाचा इतिहास

भारतातल्या समलिंगी हक्कांचा इतिहास सहसा तीन तारखांत सांगितला जातो. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सैल केला, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा आवळला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो सोडवला. तारखा बरोबर आहेत, पण त्यांतून एक मोठा प्रश्न सुटून जातो. न्यायालयाच्या दारात जायला माणसे लागतात. ती माणसे आधी एकमेकांना भेटलेली असावी लागतात, एकमेकांची भीती गेलेली असावी लागते, आणि आपले दुःख हा आपल्या एकट्याचा दोष नाही हे त्यांना पटलेले असावे लागते. ज्या देशात असे संबंधच गुन्हा होते, तिथे माणसे भेटली कुठे? या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत, आणि त्यांतले एक मुंबईत कुलाब्याच्या आर्थर बंदर रोडवर होते. ‘वूडू’ नावाचा एक पब तिथे होता. दर शनिवारी रात्री तो समलिंगी पुरुषांचा होत असे, आणि हे काही आठवडे चालून थांबले नाही, वर्षानुवर्षे चालले. माझे म्हणणे असे की, या जागेचे महत्त्व तिथल्या नाचगाण्याहून तिच्या सातत्यात अधिक होते. एक पत्ता, एक वार आणि एक वेळ इतकी वर्षे टिकली, म्हणून विखुरलेल्या माणसांचा समाज होण्याला मदत झाली. हक्कांच्या इतिहासात या जागेला न्यायालयांच्या शेजारीच स्थान मिळायला हवे.

जागेचा पूर्वेतिहासही सांगण्यासारखा आहे. याच ठिकाणी सत्तरच्या दशकात ‘स्लिप डिस्क’ नावाचा रॉक संगीताचा क्लब होता. १९७२ साली लेड झेपेलिन या जगप्रसिद्ध ब्रिटिश बँडचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले असताना तिथल्या छोट्या मंचावर स्थानिक वादकांबरोबर वाजवून आणि गाऊन गेले, ही मुंबईच्या संगीतप्रेमींमध्ये आजही सांगितली जाणारी खरी घटना. असे काही कुलाब्यातच घडावे याला कारणे होती. बंदर जवळ, ताजमहाल हॉटेल हाकेच्या अंतरावर, परदेशी प्रवाशांची स्वस्त लॉजेस गल्लीगल्लीत. शिवाय राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. पुढे तो सैल झाला, तरी मद्यपानाला परवान्याची चौकट राहिलीच. अशा शहरात रात्री उघडे राहणारे, परक्याकडे रोखून न पाहणारे भाग मोजके होते आणि कुलाबा त्यांतला पहिला. शेजाऱ्याला शेजारी ओळखतो, वाण्याला गिऱ्हाइकाचे बारसेसुद्धा आठवते, अशा गिरगाव-दादर-परळमध्ये जे शक्य नव्हते, ते इथे शक्य होते. इथे कोणीच कोणाचा गाववाला नव्हता.

वूडूच्या आधी काय होते हे पाहिल्याशिवाय वूडूने काय बदलले हे कळत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईतल्या समलिंगी पुरुषांच्या भेटीच्या जागा म्हणजे गेटवेजवळचा समुद्राकाठचा कठडा, काही बागा, चर्चगेटसारख्या स्टेशनांतली स्वच्छतागृहे, लोकल गाड्यांतले ठरावीक डबे. या जागी माणूस भेटे, पण ओळख होत नसे. खरे नाव सांगायचे नाही, पत्ता द्यायचा नाही, काम झाले की वेगळ्या दिशेने चालू लागायचे. कारण तिथे दोन संकटे सतत उभी असत. एक कलम ३७७, आणि दुसरे त्याहून रोजचे, मुंबई पोलीस कायद्याचे सार्वजनिक असभ्य वर्तनाविरुद्धचे कलम ११०. खटला क्वचितच उभा राही. धाक दाखवून पाकीट, घड्याळ, अंगठी काढून घेणे सोपे होते. ज्याला घरी कळण्याची भीती आहे तो तक्रार करायला जाणार नाही, हे पोलिसालाही ठाऊक होते आणि पोलीस असल्याचे सोंग घेणाऱ्या भामट्यालाही. ताजच्या मागच्या बाजूच्या गोकुळसारख्या परमिट रूममध्ये काही जण बिअर घेऊन तास दोन तास बसू शकत. पण तिथेही टेबल आपले असे, खोली आपली नसे. शेजारच्या टेबलावरच्यांना काही कळू नये एवढी सावधगिरी बाळगूनच बसावे लागे.

याच काळात मुंबईत दुसरीकडे एक धागा विणला जात होता. १९८६ साली पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘सॅव्ही’ मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले. १९९० साली त्यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू झाले. १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. तिथल्या शुक्रवारच्या बैठकांना मुलुंड-डोंबिवलीपासून मुले येऊ लागली. १९९८ च्या अखेरीस ‘गे बॉम्बे’ हा गट उभा राहिला. त्याने पार्ट्या भरवल्या, चित्रपट दाखवले आणि आईवडिलांच्या भेटीही घडवून आणल्या. म्हणजे वूडू एकटा नव्हता. पण नियतकालिक वाचायला ते घरात लपवावे लागे आणि संस्थेत जायला आधी मनाची मोठी तयारी लागे, कारण तिथे जाणे म्हणजे स्वतःविषयी काहीतरी कबूल करणे होते. शनिवारी रात्री पबमध्ये जायला इतकी कबुली लागत नसे. आपण सहज नाचायला आलो आहोत, असे स्वतःला समजावत माणूस आत जाऊ शकत होता. पहिल्या पावलाची किंमत इतकी कमी होती म्हणूनच पुष्कळांचे पहिले पाऊल तिथे पडले.

वूडूची व्यवस्था अगदी साधी होती. आठवड्याच्या इतर रात्री तो कुलाब्यातल्या कुठल्याही पबसारखा पब, किंबहुना त्यांच्याहून सुनासुना. शनिवारी दाराशी प्रवेशाचे पैसे भरून आत गेले की दाटी, अंधार, घाम आणि मोठ्या आवाजात हिंदी-इंग्रजी गाणी. परदेशी प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांतही मुंबईतली नियमित गे रात्र म्हणून त्याचे नाव छापून येत असे. वातावरण फारसे चांगले नाही, असे त्याच पुस्तकांत नोंदवलेले असे, आणि ते खरेही होते. पण इतिहासाच्या दृष्टीने ‘नियमित’ हे विशेषण वातावरणाहून मोलाचे आहे. कारण गुप्तपणे जगणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी अडचण निरोपाची असते. पार्टी कुठे, कधी, कोणाकडे, हे कळायला आधी कोणीतरी ओळखीचे असावे लागते, आणि ज्याचे कोणीच ओळखीचे नाही तो कायम बाहेर राहतो. जागा आणि वार कायमचे ठरले की निरोपाची गरजच संपते. नाशिकहून, सोलापूरहून, जालन्याहून नोकरीसाठी आलेल्या मुलाला कोणाचीही ओळख नसताना, फक्त ऐकीव माहितीच्या बळावर, तिथे पोहोचता येते. आणि या शनिवारी धीर झाला नाही तर पुढचा शनिवार असतोच. भीती एका रात्रीत जात नाही. ती घालवायला पुनःपुन्हा संधी देणारी जागा लागते.

याचा पडताळा त्याच काळातल्या इतर पार्ट्यांवरून घेता येतो. गे बॉम्बे आणि इतर आयोजकांच्या पार्ट्या एका ठिकाणी फार काळ टिकत नसत. कधी मालकाला शेजाऱ्यांचा दाब येई, कधी पोलीस चौकशी करून जात, कधी हॉटेलवाला आयत्या वेळी शब्द फिरवी. नवी जागा शोधायची आणि पुन्हा सगळ्यांना कळवायचे. त्यांची मेहनत मोठी होती आणि पार्ट्या बहुधा वूडूहून देखण्या होत्या. पण प्रत्येक स्थलांतरात नवखा माणूस मागे राही, कारण बदललेला पत्ता आधीच आत असलेल्यांनाच कळे. वूडूचा पत्ता बदलला नाही. त्यामुळे एका पिढीने पुढच्या पिढीला तो सांगितला. हळूहळू हे जग पडद्यावर आणि पुस्तकांतही उतरू लागले. १९९६ मध्ये रियाद वाडिया यांचा ‘बॉमगे’ हा लघुपट आला, त्यात आर. राज राव यांच्या कविता होत्या. त्याच राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात चर्चगेट स्टेशनवर होते आणि तिच्यात एक गे डिस्कोथेकही येते. परमेश शहानी यांनी २००८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा अभ्यासग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना मुंबईच्या या रात्रींच्या जगाची नोंद घ्यावीच लागली. साहित्यात आणि अभ्यासात एखादी जागा येते ती तिथे समाज दिसू लागतो तेव्हा. एकट्यादुकट्याच्या भेटींतून आत्मकथन निघेल, समाजाचे वर्णन निघणार नाही.

मराठी रंगभूमीवर आणि साहित्यात हाच बदल वेगळ्या वाटेने दिसतो. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा त्यात अखेरीस स्वतःला संपवते. नाटक धाडसी होते आणि मित्राविषयी त्याला करुणाही होती, पण मित्राला तिच्यासारखी दुसरी कोणी सोबतीण, तिच्यासारख्यांचा गट, बसायला खोली असे काहीच नव्हते. तिच्या अंताला हे एकटेपणही कारण आहे. पुढे चेतन दातारांनी ‘एक माधवबाग’ लिहिले. त्यात आई आपला मुलगा समलिंगी असल्याचे समजून घेण्याच्या वाटेवर आहे, म्हणजे प्रश्न आता घरात, संवादात आला आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली आली आणि पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचे पुरुषावरचे प्रेम मराठी वाचकाने कादंबरीत वाचले. या लेखकांना वूडूने लिहिते केले असे मी म्हणत नाही. मात्र १९८१ आणि २००६ यांच्यामध्ये मुंबई-पुण्यात भेटण्याच्या जागा, संस्था आणि गट उभे राहिले होते. मित्राला जे मिळाले नाही ते तिच्यानंतरच्या काहींना मिळू लागले होते, एवढे नक्की.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप वर्गाचा आहे. कुलाब्यात जाऊन प्रवेशाचे पैसे भरणारा माणूस कोण? इंग्रजी बोलणारा, पगारदार, बहुधा उच्चवर्णीय पुरुष. गिरणगावातल्या बेकार मुलाला, साडी नेसणाऱ्या कोतीला (बायकी वळणाच्या पुरुषाला), हिजड्याला, आणि कोणत्याही वर्गातल्या समलिंगी स्त्रीला त्या खोलीचा काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे आणि ते पूर्ण मान्य करायला हवे. त्या काळातल्या काही पार्ट्यांत आयोजकांनी स्त्रीवेशात येणाऱ्यांना मज्जाव केला होता. हॉटेलवाला आणि पोलीस यांची भीती हे कारण सांगितले गेले आणि त्यावरून समूहातच कडाक्याचे वाद झाले. बहुतेक स्त्रियांना तर रात्री घराबाहेर पडण्याचीच मुभा नव्हती. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘स्त्री संगम’ या गटाला (पुढे त्याचे नाव ‘लाबिया’ झाले) आपल्या भेटी वेगळ्या वाटेनेच घडवाव्या लागल्या. तरीही आक्षेपाचा शेवटचा निष्कर्ष मला मान्य नाही. तिकिटाची जागा सगळ्यांसाठी नसते, पण तिच्यात वर्ग एकमेकांना पूर्णपणे टाळूही शकत नाहीत. ‘द बॉयफ्रेंड’मधला इंग्रजी पत्रकार युडी आणि दलित तरुण मिलिंद यांचे नाते हीच त्या शहरातली खरी अडचण आहे, प्रेम आहे पण जात आणि पैसा मध्ये उभे आहेत. राव यांना ही गोष्ट सुचली कारण त्या जगात अशा भेटी खरोखर होत होत्या. शिवाय वाकोल्याची विनातिकीट बैठक आणि कुलाब्याची तिकिटाची रात्र ही एकाच शहराची दोन टोके होती आणि काही माणसे दोन्हीकडे जात. वूडू पुरेसा नव्हता हे खरे. पण अपुरे ते निरर्थक, हा हिशेब लावला तर मुंबईतली एकही चळवळ उरणार नाही.

दुसरा आक्षेप धंद्याचा. पबमालकाने कोणाच्या मुक्तीसाठी दार उघडले नव्हते. शनिवारी खोली भरत होती, गल्ला भरत होता, म्हणून ती रात्र चालू राहिली. हेही खरेच. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी न्यूयॉर्ककडे पाहावे. २८ जून १९६९ च्या पहाटे ज्या ‘स्टोनवॉल इन’मधल्या छाप्यानंतर लोकांनी पोलिसांना प्रतिकार केला आणि जगभरच्या अभिमान मोर्चांची परंपरा सुरू झाली, तो बार माफियांच्या हातात होता. दारू वाईट, जागा अस्वच्छ आणि पोलिसांना हप्ता ठरलेला. त्या रात्री रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. जिथे कायदा एखाद्या समूहाला सन्मानाने जागा देत नाही, तिथे जागा मिळते ती नफ्यावर नजर ठेवणाऱ्याकडूनच, कारण धोका पत्करायचे त्याला काहीतरी कारण असते. मालकाचा हेतू आणि गिऱ्हाइकांनी त्या जागेचे काय केले, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. इतिहासाने दुसरीची नोंद घ्यायची असते.

तिसरा आक्षेप नीतीचा. दारू, अंधार, अनोळखी माणसांची जवळीक, यात गौरव कसला? हा आक्षेप महाराष्ट्राला ओळखीचा आहे. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली तेव्हा संस्कृती आणि तरुणांचे भवितव्य हीच कारणे दिली गेली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. मधल्या वर्षांत बारबालांची उपजीविका गेली, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी अधिक असुरक्षित कामांकडे लोटल्या गेल्याचे त्यांच्यासाठी लढणाऱ्या संघटना सांगत राहिल्या. बंदीने माणसांची गरज संपत नाही, ती अधिक अंधाऱ्या जागी जाते. समलिंगी पुरुषांचे तसेच होते. पब बंद म्हणजे ब्रह्मचर्य नव्हे. पब बंद म्हणजे पुन्हा स्टेशनचे स्वच्छतागृह, पुन्हा कठड्यावरचा अनोळखी माणूस आणि त्याच्यामागे दबा धरून बसलेला खंडणीखोर. एचआयव्हीच्या साथीत हे अधिकच गंभीर होते. भारतात १९८६ साली पहिले रुग्ण आढळले, आणि लपून राहणाऱ्या माणसांपर्यंत निरोध आणि माहिती पोहोचवणे हे सगळ्यांत अवघड काम ठरले. माणसे कुठे जमतात हे ठाऊक असेल, ती पुन्हा पुढच्या आठवड्यात तिथेच भेटणार असतील, तरच आरोग्यकार्यकर्त्याला काम करता येते. नीतीची खरी काळजी असणाऱ्याने जागा बंद करण्यापेक्षा ती सुरक्षित करण्याचा आग्रह धरायला हवा होता.

चौथा आक्षेप ‘हे आपले नाही’ हा, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या गावांतूनच द्यायला हवे. जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव घ्या. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून ते सगळ्या महाराष्ट्राला वंदनीय आहे. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून बारा वर्षांचा नारायण निघून गेला, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. समर्थांच्या वैराग्याशी इथे कशाचीही तुलना करायची नाही, त्यांची वाट परमार्थाची होती. पण त्या कथेतून आपल्या समाजाविषयी एक गोष्ट कळते. ठरल्या वयात लग्न करायला नकार देणाऱ्याला इथे सन्मानाची एकच वाट मोकळी होती, संन्यासाची. ज्याला संसार हवा आहे, प्रेम हवे आहे, पण मांडवात बसवलेल्या मुलीबरोबर नको, त्याच्यासाठी गावाने कोणतीच वाट ठेवलेली नव्हती. तो मुकाट्याने बोहल्यावर चढतो आणि दोन आयुष्ये कोमेजतात. बायकोला तर आपले काय चुकले हे अखेरपर्यंत कळत नाही. तमाशाच्या फडात बायकी हावभाव करणाऱ्या नाच्याला टाळ्या मिळत आणि फडाबाहेर टोमणे. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिका गाजवणाऱ्या गणपत पाटलांनी पडद्याबाहेरही लोकांच्या संशयाचा त्रास सोसला. म्हणजे असे पुरुष आपल्या गावांना अपरिचित कधीच नव्हते. त्यांना हसण्याची जागा होती, राहण्याची नव्हती. खरोखर परके काही असेल तर ते कलम ३७७. ते १८६० च्या दंडसंहितेतून आले आणि १८६२ पासून लागू झाले. जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला उतरणारा मुलगा आपली ओढ बरोबर घेऊनच येत होता. मुंबईने त्याला ती शिकवली नाही. मुंबईने दिली ती फक्त तशाच दुसऱ्यांना भेटण्याची जागा.

आता पुन्हा न्यायालयाकडे येऊ. नाझ फाउंडेशन या संस्थेने २००१ साली कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत ‘क्वीअर आझादी’ मोर्चा निघाला, आणि ज्या शहरात माणसे एकमेकांना खरे नाव सांगत नव्हती तिथे शेकडो जण भर दिवसा रस्त्यावर चालले. दुसऱ्या वर्षी दिल्लीचा निकाल आला. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना दोन गोष्टी नोंदवल्या. देशाच्या लोकसंख्येत या समूहाचे प्रमाण अगदी नगण्य आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी माणसांवर खटले चालले. त्या युक्तिवादातली चूक आता सहज दिसते. खटले कमी होते कारण धाक दाखवून काम भागत होते. माणसे कमी दिसत होती कारण दिसणे धोक्याचे होते. ज्याची मोजणी व्हायला हवी होती तो समाज शनिवारच्या रात्री कुलाब्यात, शुक्रवारी वाकोल्यात, पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टमध्ये दिसत होता. न्यायालयाच्या कागदावर मात्र तो उतरलेला नव्हता. २०१८ मध्ये चित्र बदलले होते. त्या वेळी अर्ज घेऊन आलेल्यांत नर्तक नवतेज जोहर होते, अशोक राव कवी होते, आयआयटीत शिकलेले तरुण होते, आणि केशव सुरी हे हॉटेल व्यावसायिकही होते. त्यांच्या ललित हॉटेलमधला ‘किटी सू’ क्लब समलिंगी आणि तृतीयपंथी पाहुण्यांचे उघड स्वागत करत असे. भारतातल्या गे नाइटक्लबचा इतिहास आणि कलम ३७७ चा इतिहास या अर्जात अक्षरशः एकत्र आले.

वूडू ते पाहायला राहिला नाही. कुलाब्यातली ती शनिवारची रात्र त्याआधीच बंद पडली. दरम्यान शहरात नव्या, अधिक झगमगीत पार्ट्या आल्या आणि मोबाइलवरची भेटीची ॲप्सही आली. ग्राइंडर २००९ मध्ये सुरू झाले, आणि काही वर्षांत तालुक्याच्या गावातही अशी ॲप्स उघडली जाऊ लागली. यावरून शेवटचा आक्षेप निघतो. आता खोलीची गरजच काय? जांब समर्थमधला तरुणही हातातल्या फोनवर पंचवीस किलोमीटरच्या परिघातला दुसरा शोधू शकतो. शोधू शकतो, हे खरे आणि ते मोठे वरदानही आहे. पण फोन एका वेळी एकच माणूस दाखवतो, तोही बहुधा चेहरा झाकलेला. भेटायला बोलावून मारहाण करणे, चित्रफीत काढून पैसे उकळणे, हे गुन्हे आता याच वाटेने होतात. जुना गेटवेचा कठडाच खिशात आला आहे, त्याच्या सर्व धोक्यांसह. खोलीत गेल्यावर जे दिसते ते फोनवर दिसत नाही. चाळिशीतला, साठीतला, स्थिरावलेला, हसणारा माणूस तिथे दिसतो. आपल्यासारखी माणसे म्हातारी होईपर्यंत जगतात आणि चांगली जगतात, हे विशीतल्या मुलाने डोळ्यांनी पाहणे हा त्याच्या जगण्याचा आधार असतो.

इतर देशांनी अशा जागांचे मोल ओळखले आहे. लंडनमधल्या ‘रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न’ला २०१५ साली समलिंगी समाजाच्या इतिहासातल्या स्थानामुळे संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, आणि २०१६ मध्ये स्टोनवॉल परिसर अमेरिकेचे राष्ट्रीय स्मारक झाला. मुंबईने गिरण्यांच्या जागा, इराणी हॉटेले, जुनी चित्रपटगृहे यांच्या आठवणी लिहिल्या. वूडूविषयी मराठीत सलग असे फारसे काही लिहिले गेले नाही. ज्यांनी त्या रात्री पाहिल्या त्यांतले बरेच जण आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्या मुलाखती मराठीत घेऊन जपणे हे विद्यापीठांचे आणि ग्रंथसंग्रहालयांचे काम आहे. नावे गुप्त ठेवूनही ते करता येते, आणि ते आताच व्हायला हवे.

त्याहून मोठे काम पुढचे आहे. २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की, या समूहाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. माफीला काही अर्थ यायचा असेल, तर कायद्याने जे दिले ते वापरता येईल अशा जागा उभ्या राहायला हव्यात, आणि त्या फक्त कुलाब्यात असून भागणार नाही. जालना, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथे पब असण्याची गरज नाही. जिल्हा ग्रंथालयातली एक खोली, महिन्यातला एक ठरलेला रविवार आणि तो कधीही न चुकवणारी दोन जबाबदार माणसे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आईवडील येऊ शकतील, मुलीही येऊ शकतील आणि प्रवेशाला पैसे पडणार नाहीत, अशी ती असावी. वूडूला जे जमले नाही ते तिथे जमवता येईल. वूडूकडून घ्यायचा तो मात्र एकच धडा, तो म्हणजे जागा बदलू नये, वार बदलू नये, आणि आज ज्याला धीर झाला नाही त्याच्यासाठी पुढच्या वेळी दार नक्की उघडे असावे.